कॅमेऱ्यासमोर पंच नंबर एक

माझ्यावर पिक्चर निघालाय. आमची ही म्हणते, तुमच्यावर नाही, कोर्टावर निघालाय. ती असं म्हणणारच. पण त्या पिक्चरमध्ये कोर्टाच्या पायऱ्या जेवढा वेळ दिसतात त्याहून मी जास्त वेळ दिसतो, हे मी बसून मोजलंय.

पिक्चर काढणारी पोर ठाण्याची, कोपरीची. एकटीच यायची, पाठीला सॅक, हातात कॅमेरा. ह्या पिक्चरमध्ये नाच नाही, गाणं नाही, कोणी कोणाला प्रश्न विचारत नाही. नुसतं बघत राहायचं आणि जे बघितलं ते लोकांना दाखवायचं, असा तो प्रकार. कल्याणच्या कोर्टात तारखांना येणारी साधी माणसं तिला दाखवायची होती. तिला परवानगी व्हरांड्यापर्यंतची, आत कॅमेरा बंद. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, "काका, मी इथे नाहीच असं समजा."

"का? आहेस की."

"आहे, पण नाही असं समजायचं. एरवी वागता तसं वागा."

मी तीस वर्षं कंपनीच्या गेटवर चौकीदारी केलेली. समोर कोण आहे ते बघायचं, ह्याचाच मला पगार होता. उभ्या माणसाला नाही समजणं माझ्याच्याने होईना. तिच्याकडे बघायचं नाही म्हणून पहिला अख्खा दिवस मी मान दुसरीकडे धरली, ती संध्याकाळी तिकडेच राहिली. हिने तेल लावून सरळ केली. चहाचं वेगळंच. मी चहा मागवला की पोर म्हणायची, "मला नको, मी नाहीये." एक लेकीच्या वयाची पोर उन्हात उभी आणि आपण एकट्याने चहा प्यायचा, हे आमच्यात बसत नाही. शेवटी मी दोन कप घ्यायचो, एक कठड्यावर ठेवायचो आणि तिकडे बघायचो नाही. थोड्या वेळाने कप रिकामा झालेला असायचा.

शर्टाचीही तीच गत. पहिल्या तारखेला मी पांढरा, कडक इस्त्रीचा घालून गेलेलो. पोर म्हणाली, "नेहमी असेच येता का?" मी म्हटलं, नेहमी. झालं. पुढच्या सगळ्या तारखांना तोच शर्ट. ही रात्रीचा धुवायची आणि सकाळी ओलसर शर्टावर इस्त्री फिरवत विचारायची, "नेहमीचं अजून किती दिवस चालणार आहे?"

मी कोर्टात का जायचो ते सांगतो. मी आरोपी नाही. मी साक्षीदार, तोही साधा नाही. पंच. पोलिसांनी जागेवर काय बघितलं, काय जप्त केलं, ते कागदावर लिहितात, त्याला पंचनामा म्हणतात, आणि ते खरं आहे म्हणून दोन बाहेरच्या माणसांच्या सह्या घेतात. ते दोघे पंच. त्यातला नंबर एक मी. नंबर दोन होता आमचा टपरीवाला. तो गावी गेला आणि तिथून वर गेला. म्हणजे सगळा भार माझ्या एकट्यावर.

ते झालं असं. आम्ही शहाडला राहतो. दहा मिनिटं चाललं की उल्हास नदी, आणि आमच्या नळाला चार दिवस पाणी नाही. उन्हाळ्याचे दिवस. वस्तीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन हमरस्त्यावर जाऊन बसल्या. मी काही तिथे गेलो नाही, मी टपरीवर बसलेलो. दुपारनंतर एक हवालदार कागद घेऊन टपरीवर आला. म्हणाला, "आजोबा, तुमच्यासारख्या प्रतिष्ठित माणसाची सही पाहिजे."

"कशाची आहे?"

"पाण्याच्या मोर्च्याची."

मला वाटलं, चला, अखेर सरकार लिहून घेतंय की आमच्याकडे पाणी नाही. मी सही ठोकली. माझी सही बघण्यासारखी आहे. पगाराच्या रजिस्टरवर करून करून बसलेली, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. टपरीवाल्याने माझं बघून खाली त्याची केली. घरी येऊन हिला सांगितलं की लेखी गेलंय. पुढच्या आठवड्यात दोन दिवस पाणी आलं. त्यातलं निम्मं श्रेय मी मनातल्या मनात घेऊन टाकलं.

मग किती वर्षं गेली, आणि एक दिवस समन्स आलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात त्या खटल्याच्या बाकावर आम्ही दोघंच असायचो, मी आणि बालवाडीची बाई. ती आमच्या मागच्या चाळीत राहते. बालवाडीत मदतनीस आहे, मुलांना खिचडी वाढते, हातपाय धुते, रडणाऱ्याला काखेत घेऊन फिरते. मोर्च्यात ती पुढे होती म्हणून केस तिच्यावर. रस्ता अडवल्याची केस आहे एवढं मला माहीत होतं. मी आल्या आल्या तिला म्हणायचो, "बाई, घाबरू नका. मी आहे."

ती माझ्याकडे जरा वेळ बघायची आणि म्हणायची, "जय भीम काका. बसा."

मला वाटायचं, धीर आला तिला.

केसबद्दल ती एक अक्षर बोलायची नाही. तिच्या वकिलाने सांगितलेलं, साक्षीदाराशी खटल्याचं बोलू नका. मग आम्ही बाकी सगळं बोलायचो. गुडघे, नळ, तिची सासू. एकदा तिने तिची अडचण सांगितली. पंधरा वर्षं ती तात्पुरती. आता कायम करायची यादी लागली होती, यादीत तिचं नाव होतं, पण नावापुढे लिहिलेलं की केस निकाली निघाल्याशिवाय नेमणूक नाही. यादी दिवाळीपर्यंत चालणार. तोवर निकाल नाही आला तर तिची जागा खालच्या नावाला.

"आणि निकाल तुमच्या विरुद्ध आला तर?" मी विचारलं.

"तर आहे ती पण जाईल," ती म्हणाली. मग पिशवीतून चिवड्याचा डबा काढून माझ्यापुढे धरला. पोर समोरून सगळं टिपत होती.

त्या पोरीने एक गोष्ट टिपली ती मला आवडली नाही. कोर्टाबाहेर एका फळ्यावर त्या दिवशीच्या केसेसचे नंबर लावतात. मी त्या फळ्यासमोर उभा राहून बोट फिरवत खाली खाली जायचो, गंभीर चेहरा करून. बाई मागून यायची आणि म्हणायची, "काका, आपला सतरा."

"मी तिथेच येत होतो."

"तुम्ही पासष्टवर आहात."

हे पिक्चरमध्ये आहे. मी पोरीला काढून टाक म्हटलं. तिने नाही काढलं.

साक्षीच्या आधी कोर्टातला पोलीस साक्षीदाराला बाजूला घेऊन त्याचा कागद वाचून दाखवतो, म्हणजे तो आत जाऊन भलतंच बोलायला नको. आमच्या कोर्टाचा हवालदार ढेरपोट्या आणि घाईचा. बाकीच्यांना तो दोन ओळी पुटपुटायचा आणि पाठीवर थाप मारून आत ढकलायचा. पण माझ्या वेळी समोर कॅमेरा होता. त्याने आधी टोपी काढून केसांवरून कंगवा फिरवला, टोपी घातली, पोरीला विचारलं, "इथून चेहरा येतो ना?" ती काही बोलली नाही, ती नव्हतीच ना. मग त्याने घसा साफ केला आणि सगळा पंचनामा पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, कीर्तनकारासारखा खणखणीत आवाजात वाचला.

त्यात पाण्याचं काही नव्हतं.

त्यात होतं की आम्ही खाली सह्या करणारे पंच, बोलावल्यावरून घटनेच्या जागी हजर झालो, आणि आमच्या समक्ष ह्या बाईच्या ताब्यातून एक लाकडी दांडका, तीन फूट लांबीचा, आणि चार दगड जप्त करण्यात आले. दगडांची मापं पण होती. खाली सही. रेघ आणि दोन टिंबं.

मी बाकाकडे बघितलं. बाई मांडीवर पिशवी घेऊन समोरच्या भिंतीकडे बघत होती. म्हणजे इतके महिने ती ज्या माणसाला चिवडा देत होती तो माणूस तिच्यावर दांडका ठेवून बसलेला. आणि वर तिलाच सांगत होता, घाबरू नका, मी आहे.

हवालदार म्हणाला, "समजलं ना आजोबा? आत गेल्यावर हो म्हणायचं. सही माझी, हो. समक्ष झालं, हो. दोन हो आणि घरी."

त्या दिवशी जज्जसाहेब अर्ध्या दिवसाच्या रजेवर गेले आणि मला पुढची तारीख पडली. नाहीतर मी काय बोललो असतो, सांगता येत नाही.

मी पोरीला गाठलं. कॅमेरा चालूच होता. म्हटलं, "तू ऐकलंस सगळं?"

"ऐकलं काका."

"मग मी काय करू?"

"मी सांगायचं नसतं."

"मी आत जाऊन हो म्हणालो तर तू काय करशील?"

"काही नाही. जे झालं ते दाखवीन."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तेच."

"मग तुझा उपयोग काय गं?"

ती हसली पण कॅमेरा हलू दिला नाही. मी तिच्यावर एवढा चिडलो की शहाडपर्यंत शेअर रिक्षात तिच्याशेजारी बसून तिला खरोखरच नाही समजलो. पहिल्यांदा जमलं.

ती आमच्या घरी आली, कोपऱ्यात स्टूल टाकून बसली आणि कॅमेरा लावला. आमच्या हिला तिला नाही समजणं काही जड गेलं नाही. मी एवढा मोठा माणूस, मला ती चाळीस वर्षं तसंच समजत आलीय. ही तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. म्हटलं, मोठा पेच आहे. नाही म्हणावं तर कोर्टात भरल्या लोकांत विचारणार, मग सही का केली, वाचलं नाही का.

"मग सांगा की वाचलं नाही."

"का नाही वाचलं विचारतील."

"सांगा येत नाही."

मी कोपऱ्याकडे बघितलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला. हळू म्हटलं, "कोण म्हणालं येत नाही? मी रोज पेपर वाचतो."

हिने ताटातून खडा काढून बाजूला ठेवला. "पेपर धरता. धरून मला विचारता, हे वाचलंस का, बघ काय लिहिलंय. मग मी वाचते आणि तुम्ही म्हणता, तेच म्हणतोय मी. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कळलेलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या ऐटीत चष्मा लावायचात. म्हटलं असू दे."

माझ्या डोक्यात चाळीस वर्षांचे पेपर एकदम फडफडले. मी म्हटलं, "मोठी अक्षरं येतात मला. पाट्या येतात."

"येतात ना. तेवढंच सांगा कोर्टात. पाट्या येतात म्हणावं." मग ताट आपटून तांदूळ एका बाजूला केले आणि म्हणाली, "ती बाई आपल्या नातवाला दोन वर्षं काखेत घेऊन फिरली. तुमची ऐट ठेवायची की तिची नोकरी, ते तुम्ही बघा. मला भात टाकायचाय."

एवढं बोलून तिने कॅमेऱ्याला विचारलं, "तू जेवून जाणार ना गं?" सगळं टिपलं गेलं.

पुढच्या तारखेला शिपायाने माझं नाव पुकारलं. दारात पोर थांबली, कॅमेरा खाली. मी एकटा आत. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढलो, शपथ घेतली. साहेब तरुण, चष्मेवाले. सरकारी वकील एक बाई होत्या, त्यांच्या हातात फायलींचा गठ्ठा, त्या माझ्याकडे न बघताच विचारत होत्या.

"पंचनाम्यावरची ही सही तुमची?"

"माझीच. अशी दुसऱ्याची नाही."

"घटनेच्या जागी तुम्ही हजर होतात?"

"नाही."

त्यांचा पुढचा प्रश्न आधीच तयार होता. "तिथे तुम्हाला काय दिसलं?"

"मी नव्हतो तिथे. मी टपरीवर होतो. मला वडे दिसले."

मागे कोणीतरी हसलं. वकील बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, मग सही कशी केलीत?"

"साहेब, हवालदार म्हणाला पाण्याच्या मोर्च्याचं आहे. आमच्याकडे चार दिवस पाणी नव्हतं. मला वाटलं पाणी नाही म्हणून लिहून घेतायत. मी म्हटलं घ्या."

"वाचलं नाहीत?"

"नाही."

"का?"

बाई आरोपीच्या जागेवर उभी होती, हात बांधून. मी कठड्याला धरलं आणि म्हटलं, "येत नाही साहेब. दुसरीत शाळा सुटली. दुकानाच्या पाटीएवढं अक्षर येतं. पोलिसांच्या हाताचं येत नाही."

साहेब म्हणाले, "ते कधी कधी मलाही येत नाही." परत हसू झालं, पण ह्या वेळी माझ्यावर नव्हतं.

वकील बाई उठल्या आणि म्हणाल्या, साक्षीदार फितूर घोषित करावा. हा शब्द मला माहीत होता. फितूर म्हणजे घरचा भेदी, गडाचा दरवाजा उघडणारा. मी म्हटलं, "साहेब, हरकत आहे. मला फितूर म्हणायचं नाही."

"आजोबा, तो कायद्यातला शब्द आहे. मनाला लावून घेऊ नका."

"तुम्ही लिहा तुम्हाला लिहायचंय तर. पण त्याच्याखाली माझं पण लिहा. तीस वर्षं गेटवर होतो, कंपनीतला एक खिळा बाहेर जाऊ दिला नाही."

साहेब टायपिस्टकडे वळून काहीतरी इंग्रजीत बोलले. ते खिळ्याचंच असणार असं मी धरून चाललोय. पुढे वकील बाईंनी मला आडवे तिडवे प्रश्न विचारले, आरोपी तुमच्या शेजारची आहे, म्हणून खोटं बोलताय, असं. मी म्हटलं, शेजारची असूनच तर इतकी वर्षं खोटं निघालं, परकी असती तर मी आधीच विचारपूस केली असती. हे त्यांना नीट कळलं नाही. मलाही आता सांगताना नीट कळत नाहीये, पण तेव्हा जोरात वाटलं होतं.

साक्ष संपल्यावर कारकुनाने टाईप केलेले कागद पुढे केले. "इथे सही करा."

मी हात मागे घेतला. "आधी वाचून दाखवा."

"बाहेर बारा केसेस थांबल्यात आजोबा."

"थांबू देत."

साहेबांनी मान हलवली. कारकुनाने वाचलं. मी डोळे मिटून ऐकलं आणि एक चूक काढली, त्याने टपरीच्या जागी दुकान लिहिलेलं. ते खोडून नीट केलं, बाजूला साहेबांनी सही केली, मग मी केली.

बाहेर आलो तर पोर दारासमोर कॅमेरा रोखून उभी. तिला काहीच मिळालं नव्हतं. बंद दार आणि बाहेर आलेला मी. मला तिचं वाईट वाटलं. म्हटलं, "परत करून दाखवू का? हा कठडा पिंजरा समज. तू वकील हो."

"नको काका."

"अगं सगळं आत राहिलं."

"राहू दे."

मग तिने कॅमेरा बंद केला, सॅक खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "काय झालं आत?" मी सुरुवातीपासून सांगितलं. वड्यांचं सांगताना जरा वाढवलं. कॅमेरा बंद होता म्हणून.

बाई बाहेर आली तेव्हा मी उभा राहिलो. म्हटलं, "दांडक्याचं मला माहीत नव्हतं."

ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही पोलिसांचे माणूस. मग त्या दिवशी हवालदाराने वाचलं तेव्हा तुमचं तोंड बघितलं."

"मग बोलल्या का नाहीत?"

"वकिलाने मनाई केलेली." ती बाकावर बसली. "आणि मी चिडलेली पण होते. कोणी न वाचता सही करतं का, म्हणून."

मी दोन कप चहा मागवला आणि एक तिच्यापुढे धरला.

निकाल दिवाळीच्या थोडा आधी लागला. एका मिनिटात झाला. साहेब काय बोलले ते तिला कळलं नाही, मला पण नाही. आम्ही दोघं कारकुनाकडे बघत राहिलो, तेव्हा तो म्हणाला, "सुटलात. जा आता." निकालाची नक्कल मिळायला अजून दिवस गेले, आणि ती हातात पडली तो यादीचा शेवटचा दिवस. कागद ऑफिसात एकच्या आत द्यायचा. साडेबारा वाजलेले. आम्ही तिघं रिक्षात बसलो, मागे बाई आणि कॅमेरा घेऊन पोर, पुढे रिक्षावाल्याला चिकटून मी. रस्त्यात सगळं तुंबलेलं. मी अर्धा रिक्षाबाहेर लटकून पुढच्या टेम्पोवाल्याला शहाणपण शिकवत होतो. एकला पाच मिनिटं असताना पोचलो. बाई पळत आत गेली. तिथेही कॅमेऱ्याला परवानगी नव्हती.

पिक्चर कल्याणला एका हॉलमध्ये दाखवला. आमची ही, बाई, वस्तीतल्या बायका, सगळे आलेले. फळ्यासमोर मी बोट फिरवतो तिथे लोक हसले. तांदळाच्या ताटाशी ही बोलते तिथे बायका एवढ्या हसल्या की पुढचं ऐकू आलं नाही. साक्षीच्या ठिकाणी नुसतं बंद दार, बराच वेळ. मी उठून आत काय झालं ते लोकांना सांगणार होतो, हिने शर्ट ओढून खाली बसवलं. मग रिक्षा आली. पडदाभर बाईचा चेहरा, छातीशी फाईल, आणि वरच्या कोपऱ्यात हवेत हलणारं एक कोपर. मी कुठेच नाही.

"ते कोपर ह्यांचं आहे," आमची ही मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली.

"काकू, गप बसा ना," बाई पुढे वाकून म्हणाली. "आता माझं येतंय."

आणि पडद्यावर ऑफिसच्या दारातून ती शिक्का मारलेला कागद घेऊन बाहेर आली.